टँकरपुरते काढलेले खांब

सुभाष : मग मी काय केलं, हा खांब असा दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्यांच्या देखत वाकवला. पार टेबलाला टेकवला. सोडला तर सटकन उभा! टाळ्या पडल्या, नीलम. प्रभाग कार्यालयातल्या सभेत टाळ्या. चहा टाक मस्तपैकी.

नीलम : हळू बोला जरा. खाली कसले एवढे हॉर्न वाजतायत, ऐकू दे.

सुभाष : हॉर्न काय, वाजतच असतात. तू ऐक ना. समोरच्या पार्टीचं म्हणणं काय, सायकलच्या लेनला पिवळा पट्टा पुरे, खांबबिंब काढून टाका. मी उठलो. म्हटलं, पट्ट्यावरून गाडी बिनधास्त जाते, कारण पट्ट्याने बंपरला ओरखडा पडत नाही. ड्रायव्हर ओरखड्याला घाबरतो हो, माणसाला नाही.

नीलम : अण्णा आले नाहीत अजून.

सुभाष : येतील. मग एक जण उठला, म्हणे एवढंच आहे तर सिमेंटचा कठडाच घाला कायमचा. लगेच दुसरा, कठडा घातला तर अँब्युलन्स कुठून शिरणार? रिक्षावाले म्हणतात, पॅसेंजर काय हवेत उतरवू? आणि आपल्या हंसाबेन! आपल्या शेजारच्या! माझ्यासमोर उभ्या राहून, 'दुकान के सामने गाडी रुकती नहीं, मेरा फाफडा कोण घेणार?' म्हणूनच मी खांब नेला होता ना. म्हटलं, हा बघा, प्लास्टिकचा आहे. अँब्युलन्स वरून जाईल, पण रोजच्या गाडीवाल्याला धाक राहील. ठराव झाला. खांब राहणार. बोल आता!

नीलम : अहो, साडेसात होत आले. अण्णा रोज दिवेलागणीच्या आत घरात असतात.

सुभाष : मैदानाच्या कट्ट्यावर गप्पा रंगल्या असतील. फोन कर.

नीलम : फोन तो बघा, टीव्हीशेजारी, चार्जिंगला. सायकलवर फोन वाजला की गडबडायला होतं म्हणतात, म्हणून नेतच नाहीत.

सुभाष : मग येतील ना. लहान बाळ आहेत का ते? अर्धा जन्म गिरगावात सायकलवरून तारा वाटल्यात त्यांनी. ट्रामच्या रुळांतून सायकल काढलेला माणूस तो. तू उगीच जीव टांगणीला लावून घेतेस.

नीलम : हा खांब कुठून आणलात?

सुभाष : म्हणजे?

नीलम : कोरा नाहीये हा. बुडाला चिखल आहे. कुठला काढलात?

सुभाष : मी काढला नाही, काढलेलाच होता. म्हणजे तसा मीच काढला. टँकर आला की गेटसमोरचे तीन खांब आपण काढतो की नाही? त्याशिवाय टँकर आत वळतच नाही. वॉचमन नट सोडतो, टँकर गेला की परत आवळतो. आज पालिकेचं पाणी आलं नाही, मग मागवला टँकर.

नीलम : वॉचमन सकाळीच गावी गेलाय.

सुभाष : म्हणून तर सोसायटीच्या सेक्रेटरीला, म्हणजे मला, ओणवं व्हावं लागलं! टँकरवाल्याचा पाना घेतला, तिन्ही खांब काढले. टाकी भरेपर्यंत सभेची वेळ झाली. म्हटलं, नाहीतरी हातात आहेच, एक घेऊन जाऊ दाखवायला. ऐन वेळी सुचलं बघ. त्यानेच सभा जिंकली.

नीलम : आणि बाकीचे दोन?

सुभाष : वॉचमनच्या केबिनमागे ठेवलेत. आल्यावर लावणारच होतो. नट माझ्या खिशात आहेत, हे बघ. पाना तेवढा तो टँकरवाला घेऊन गेला, तो कुणाकडून तरी... काय झालं?

नीलम : म्हणजे अण्णा गेले तेव्हा खांब होते. आणि येताना नाहीत.

सुभाष : अगं, दोन तासांचा प्रश्न. कुणाचं काय बिघडतं?

नीलम : गेटसमोरचे. वळणावरचेच.

सुभाष : नीलम, खाली बस. काय आहे?

नीलम : तुम्ही ओरडाल.

सुभाष : नाही ओरडत.

नीलम : अण्णांना दिसत नाही.

सुभाष : काय दिसत नाही? पेपर वाचतात सकाळी.

नीलम : समोरचं दिसतं. बाजूचं नाही. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, नळीतून बघितल्यासारखं दिसत असेल यांना, आणि नळी बारीक होत जाणार. सायकल बंद करा म्हणाले.

सुभाष : कधी?

नीलम : दिवाळीच्या आधी.

सुभाष : दिवाळीच्या... आणि तू मला आज सांगतेयस? तू त्यांना रोज खाली सोडतेस, सायकलवर, या रस्त्यावर?

नीलम : ओरडणार नाही म्हणालात.

सुभाष : नीलम!

नीलम : त्यांनी माझे हात धरले हो. सुनेचे हात धरले. म्हणाले, सुभाषला कळलं की तो दुसऱ्या दिवशी सायकल भंगारात देईल, आणि मग मी या चार भिंतींत काय करू? आई गेल्यावर कसे झाले होते, आठवतंय ना तुम्हाला? जेवायला उठवावं लागायचं. ही लेन झाली, खांब लागले, तेव्हा कुठे परत माणसांत आले. मला म्हणाले, पोरी, मी लेन सोडून कुठे जात नाही. जाताना खांब उजव्या हाताला, येताना डाव्या हाताला. एक गेला की पुढचा शोधायचा. त्या खांबांवरच्या चकाकणाऱ्या पट्ट्या आहेत ना, त्या त्यांना दिसतात. एक खांब गाठला की तोंडाने म्हणतात, 'बरोबर.' मग पुढचा. 'बरोबर.' असे घरी येतात ते, रोज.

सुभाष : आणि खांब सापडला नाही तर?

नीलम : तर पुढे जे चमकेल तिकडे जाणार.

सुभाष : वळणावर पुढे काय चमकतं?

नीलम : तुम्हीच सांगा.

सुभाष : डिव्हायडर. रस्त्याच्या मधला डिव्हायडर. त्यालाही तसल्याच पट्ट्या आहेत. देवा. सगळा रस्ता आडवा ओलांडून...

नीलम : आणि येताना गाड्या समोरून असतात. हेडलाइट डोळ्यांत.

सुभाष : चप्पल कुठे आहे माझी? माझी चप्पल कुठे आहे?

नीलम : पायातच आहे.

हंसा : सुभाषभाई! दरवाजा खुला कसा? अरे, तुम्ही जीतले ने, मी भांडायला नाही आली. माझ्या मिस्टरचा दुकानातून फोन होता. सिग्नलपाशी गर्दी जमली आहे. कोणाला तरी लागलं.

सुभाष : कुणाला?

हंसा : सायकलवाला आहे, एवढंच बोलला. गाडीने उडवला. मी म्हटलं तुम्हाला सांगते, तुम्ही सायकलवाल्यांचे लीडर... नीलम? अरे, नीलमबेन, तू अशी का पाहते? हाय हाय, अण्णा घरात नाही?

नीलम : म्हातारा होता का, हंसाबेन? म्हातारा होता का ते विचारा.

हंसा : विचारते, विचारते. लागत नाही फोन. तुम्ही चला, मी चालता चालता लावते. लिफ्ट नको, लिफ्टला वेळ लागेल.

सुभाष : खांब. तो खांब दे इकडे.

(तिघं धावत जिना उतरून गेटबाहेर येतात. रस्त्यावरचे दिवे लागलेले आहेत. सायकलच्या लेनच्या कडेने खांबांची रांग आहे, फक्त गेटसमोरच्या वळणावर ती तुटलेली आहे.)

हंसा : हां, बोलो... हां... पक्का? पक्का देखा तुमने?... नाही, नीलमबेन, नाही! पार्सलवाला छोकरा आहे. घुटना फुटला, बस. उभा राहून गाडीवाल्याशी भांडतो. अण्णा नाही. पाणी पी तू. अरे, रडते कशाला, अण्णा नाही तो.

सुभाष : मग कुठे आहेत? त्या छोकऱ्याच्या आधी गेले असतील तर? पलीकडे कुठे... डिव्हायडरच्या तिकडे काही पडलंय का? नीलम, ते काळं काय आहे?

नीलम : पोतं आहे. सिमेंटचं पोतं.

सुभाष : नक्की?

नीलम : पोतंच आहे हो. मला नका विचारू, मलाही तेच वाटलं होतं.

सुभाष : मी पळत जातो मैदानाकडे. लेनमध्येच गाठतो त्यांना, हाताला धरून आणतो.

नीलम : नको! समोरून कुणी धावत अंगावर आलं की ते हँडल वळवतात. शिमग्याच्या सुमाराला एक कुत्रं आडवं आलं तर नाल्याच्या कठड्यावर जाऊन आदळले. त्यांचं कोपर सुजलं होतं, आठवतं? जिन्यावरून घसरलो म्हणाले होते तुम्हाला.

सुभाष : तू शेक दिला होतास.

नीलम : हो.

सुभाष : आणि मी त्यांना जिन्याचा कठडा धरून चालत जा म्हणून लेक्चर दिलं.

हंसा : सुभाषभाई, तो मेडिकलच्या उजेडात... पांढरा शर्ट. हळूहळू येतो तो. अण्णाच ने?

नीलम : अण्णाच. सुखरूप आहेत. देवा, सुखरूप आहेत.

सुभाष : इथपर्यंत! इथपर्यंत सुखरूप आहेत! इथे काय आहे? हे बघ, तीन भोकं आहेत इथे. खांब ठेवला तर उभा राहत नाही, नट कशाने आवळू, दाताने? टेम्पो गेला तरी वाऱ्याने आडवा होतो. बघ, पडला. पडला परत.

नीलम : धरून ठेवा.

सुभाष : काय?

नीलम : हाताने धरून ठेवा. केबिनच्या मागचे दोन आणते मी. एकेकाने एकेक धरायचा. त्यांना काय, पट्टी दिसली की झालं.

हंसा : मी? मी खांब धरू? आजच सभेत मी बोलले की हा खांब माझ्या धंद्याच्या छातीवर बसला आहे.

नीलम : हंसाबेन, तुमचे पाय धरते.

हंसा : पाय नको, खांब दे. इकडे दे. असा का?

सुभाष : तसा नाही, लेनमध्ये उभ्या राहू नका, त्यांच्या वाटेत याल. रस्त्याच्या बाजूला उभ्या राहा आणि हात लांब करा. पट्टी त्यांच्याकडे वळवा. पट्टीवर बोटं नकोत.

हंसा : रस्त्याच्या बाजूला म्हणजे गाड्या माझ्या पाठीला घासून जाणार!

सुभाष : हो.

हंसा : हे बरं आहे. हाय रे, बस गेली! माझा पदर हलला, सुभाषभाई, बस एवढ्या जवळून गेली.

सुभाष : मलाही कळली. मागे बघू नका. तुम्ही पहिल्या भोकावर, मी मधल्यावर, नीलम तू गेटजवळ. मधलं वळणावर आहे, मीच थांबतो.

नीलम : तुमचा खांब हलतोय.

सुभाष : मी नाही हलवत.

नीलम : दोन्ही हातांनी धरा. आणि ऐका, कुणी हाक मारू नका. एक शब्द नको. दचकले तर संपलं.

हंसा : ती कार सरळ लेनला चिकटून येते. सुभाषभाई, ती बघ, तिला दिसतो का आपण?

सुभाष : दिसत असू.

हंसा : 'दिसत असू' म्हणजे काय?

सुभाष : पुढे बघा, हंसाबेन. फक्त अण्णांकडे बघा.

नीलम : थांबले.

सुभाष : का थांबले? काय झालं?

नीलम : शेवटच्या पक्क्या खांबापाशी थांबलेत. पुढचा शोधतायत. हंसाबेन, खांब थोडा उचला, सरळ करा. अजून. असाच.

हंसा : माझा हात भरून आला.

नीलम : माझ्यासाठी.

सुभाष : तिकडे बघतायत ते. डिव्हायडरकडे बघतायत. नीलम, हँडल तिकडे वळतंय. मी हाक मारतो.

नीलम : नाही!

सुभाष : अगं, ते रस्त्यात...

नीलम : तोंड मिटा! थांबा. थांबा. वळवलं. इकडे वळवलं. आले. निघाले.

हंसा : येतो. माझ्याकडेच येतो. सीधा माझ्याकडे. हे प्रभू. हे प्रभू.

नीलम : श्शू.

हंसा : ...गेला. काय बोलला तो? मला बोलला. 'बरोबर' बोलला.

नीलम : गप्प राहा. यांच्याकडे चाललेत. हलू नका हो. श्वास घेऊ नका. बस येतेय मागून, येऊ दे, तुम्ही हलू नका. ...गेले. वळले. माझ्याकडे येतायत.

हंसा : आता?

नीलम : आले गेटमधून आत. उतरले. सायकल स्टँडला लावतायत. सोडा, हंसाबेन. खांब सोडा आता. झालं. बसा त्या पायरीवर. अहो? अहो, तुम्हीपण सोडा.

सुभाष : हो.

नीलम : सोडा ना.

सुभाष : माझ्या छातीपासून हातभर लांबून गेले गं. मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. सरळ माझ्या तोंडाकडे. वरून रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडलाय माझ्यावर. आणि म्हणाले, 'बरोबर.' आणि गेले.

नीलम : मी सांगितलं ना तुम्हाला.

सुभाष : सांगितलंस. पण मला वाटलं, माझं तोंड तरी दिसेल.

हंसा : सुभाषभाई, बाजूला या. आधी रस्त्यातून बाजूला या. इथे कठड्यावर बसा.

सुभाष : खांब वाऱ्यावर टाकून कसा येऊ? मागून अजून कुणी येत असेल लेनमधून. माझ्या हातातला सुटला की झालीच परत फट. आणि सभेत मी मोठ्या तोंडाने सांगत होतो, फट राहिली की माणूस गेला.

हंसा : हां, ते बोललात तुम्ही. तेव्हा मला राग आला होता.

सुभाष : मीच ठेवून गेलो, हंसाबेन. तीन खांबांची फट ठेवून खांबांवर भाषण द्यायला गेलो.

हंसा : पाणी तर सगळ्यांनी भरलं ने त्या टँकरचं. मी पण भरलं. खांब लावले की नाही, मी विचारलं का कोणाला? द्या, तो माझा परत द्या. मी धरते. नीलमबेन, तू वर जा. अण्णा एकटे आहेत, दार कोण उघडणार? आणि पाना बघ कुठे मिळतो.

नीलम : मी आलेच. तुम्ही सांभाळून उभे राहा. हंसाबेन, यांच्याकडे लक्ष ठेवा.

हंसा : ठेवते. ...सुभाषभाई.

सुभाष : हं.

हंसा : सायकल काढून घेणार का अण्णाची?

सुभाष : मघाशी जिना उतरताना तेच घोकत होतो. उद्यापासून बंद, कुलूप, चावी माझ्याकडे.

हंसा : आणि आता?

सुभाष : आता कसं सांगू त्यांना, तेच कळत नाहीये. इतके दिवस एक प्लास्टिकचा खांब धरून घरी येत होते ते, आणि मी रोज विचारायचो, काय अण्णा, आज किती चकरा?

हंसा : माझे सासरे शेवटी शेवटी घरातल्या घरात भिंत धरून चालायचे. कोणी स्टूल हलवला तर ओरडायचे. आम्ही हसायचो त्यांना. ...आली नीलम.

सुभाष : पाना मिळाला?

नीलम : मिळाला.

सुभाष : कुठून?

नीलम : अण्णांनी दिला. सायकलच्या सीटखालच्या पिशवीतला. मी दार उघडायच्या आतच हातात काढून उभे होते.

सुभाष : तू काही बोललीस?

नीलम : एक शब्द नाही. तेच म्हणाले, गेटसमोरचा मधला खांब थरथरत होता. सुभाषला सांग, नट नीट आवळून घे.

सुभाष : ओळखलं त्यांनी मला?

नीलम : मी नाही विचारलं.

सुभाष : अजून काय म्हणाले?

नीलम : म्हणाले, पाना वर आणून द्यायला नको. तुझ्याकडेच राहू दे म्हणावं, मला आता लागणार नाही.

हंसा : द्या, सुभाषभाई, तुमचा खांब पण मी धरते. तुम्ही खाली बसा, आवळा.

सुभाष : नीलम, मोबाइलचा टॉर्च लाव आणि जवळ धर. मला नट नीट दिसत नाहीये.